आकड्याऐवजी रेघ

आमचा कारखाना वजनकाट्यांचा. सासरे लोखंडी काटे बनवायचे, आता मुलगा आणि सून आकडे दाखवणारे बनवतात. त्यांच्या पोटातला प्रोग्राम सून लिहिते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण भांडण बरोबर कळतं, आणि त्या सकाळी ते चांगलंच जुंपलं होतं.

प्रसूतिगृहाला तान्ह्या बाळांचे काटे हवे होते. बाळ म्हणजे काही पोतं नव्हे, निपचित पडायला. ते हातपाय झाडतं आणि आकडा नाचतो. मुलगा म्हणे, येईल तो पहिला आकडा दाखवू. सून म्हणे, बरेच आकडे घेऊ, जुळले तरच दाखवू. तोवर पडद्यावर नुसती रेघ.

"रेघ बघून सिस्टर हाकलून देतील," मुलगा म्हणाला. "दुसऱ्यांचा काटा पापणी लवायच्या आत वजन सांगतो."

"सांगतो, पण कुणाचं?"

"अगं, थोडं इकडेतिकडे चालतं."

"अहो, त्या आकड्यावरून औषध मोजतात!"

"पुरे," मी म्हटलं. "दोन्ही काटे मांडा आणि भुंग्याला आणा."

भुंगा म्हणजे त्यांचीच लेक. मान धरत नाही अजून, पण गळा पुढाऱ्याचा.

तेवढ्यात प्रसूतिगृहाच्या सिस्टर काटा बघायला आल्याच. "आजी, जरा पटकन हं."

"आजी मी हिची. तुम्ही बाई म्हणा."

मुलाच्या काट्यावर भुंग्याला ठेवलं. आकडा लगेच आला. सिस्टर खूश. मी तिला उचलून परत ठेवलं, तर दुसराच आकडा. पुन्हा ठेवलं, तिसराच.

"बघा," मी म्हटलं, "पोरीने क्षणात अंग धरलं आणि क्षणात उतरवलं!"

मग सुनेचा काटा. रेघ. भुंगा लाथा झाडतेय, रेघ हलायला तयार नाही. सिस्टर घड्याळ बघू लागल्या. मुलाने माझ्याकडे बघितलं, म्हणजे, बोला आता. शेवटी भुंग्याने मूठ तोंडात घातली, गप्प झाली आणि आकडा आला. परत ठेवलं, बराच वेळ रेघ, मग तोच आकडा.

"बरोबर आहे हो," सिस्टर म्हणाल्या, "पण माझ्यापुढे आयांची रांग असते. पहिला द्या. सगळी ऑर्डर आजच पक्की करते."

मुलाचा चेहरा उजळला. वर्षभर कारखाना चालेल एवढं काम होतं ते.

"तो विकायचा नाही," मी म्हटलं.

"आई!"

"आईच आहे, म्हणून सांगते. माहीत नसेल तेव्हा गप्प बसणारा काटा आपल्या नावाने जाईल. ठोकून देणारा नाही."

सिस्टरनी पर्स उचलली. "मग ही रेघ लवकर घालवून दाखवा. पुढच्या आठवड्यात येते. जमलं नाही तर दुसऱ्यांकडे जाईन."

त्या गेल्यावर मी सुनेकडे वळले. "तुझं खरं ठरलं म्हणून फुगू नकोस. काटा गोगलगाय आहे तुझा." मग मुलाकडे. "आणि तुला घाईची हौस ना? बस तिच्या शेजारी. हवी तेवढी घाई कर, आकडा मात्र खरा हवा."

"पण कसं, आई?"

"ते मला विचारतोस? मग तुम्हा दोघांना शिकवलं कशाला?"

त्याने धुसफुसत खुर्ची ओढली. थोड्या वेळाने म्हणाला, "लाथ एकदम येते आणि जाते. वजन तसं जात नाही."

सुनेने मान वर केली. "म्हणजे लाथेचे आकडे आधीच वगळले तर... थांबावं कमी लागेल!"

मी भुंग्याला काट्यावर ठेवलं. "झाड गं लाथा," म्हटलं. "कामाला लाग."