खुर्चीतला होकार

या घरात सगळे दातांचे डॉक्टर. आजोबा होते, बाबा आहेत, दादाही झाला. घरातले मोठे निर्णय जेवायच्या टेबलावर होत नसत, खालच्या दवाखान्यात होत. ज्याला काही पटवायचं असेल त्याला बाबा "ये, जरा दात बघू" म्हणून खुर्चीत आडवं करत, तोंडात आरसा घालत आणि मग विषय काढत. समोरचा "आँ" करण्यापलीकडे काय बोलणार? पण त्या "आँ"लाच बाबा होकार धरत. धाकट्या छकुलीची शाळा अशीच बदलली, चित्रकला अशीच सुटली आणि सायन्सही असंच गळ्यात पडलं.

आता उद्या तिला कॉलेजात पुढचे विषय कळवायचे होते: बायोलॉजी, की तिच्याऐवजी इंजिनिअरिंगकडचा एखादा विषय. बायोलॉजी घेतली की थेट या खुर्चीशेजारच्या स्टुलावर येऊन बसायचं, जन्मभर. पण या सुट्टीत छकुलीने भलताच उद्योग केला होता. कोण काय काम करतं ते ती स्वतः जाऊन बघत हिंडली. वर्तमानपत्राच्या कचेरीत बसली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कंटाळली आणि शेवटी पूल तपासणाऱ्या बाईंबरोबर लोखंडी पाळण्यात बसून पुलाच्या पोटाखाली गेली. बाई हातोडीने काँक्रीट ठोकत, कान देऊन ऐकत आणि आवाज पोकळ आला की तिथे खडूने गोल काढत. शेवटच्या दिवशी त्यांनी हातोडी छकुलीच्या हातात दिली. तेव्हापासून पोरीचं डोकं ठिकाणावर नाही, असं बाबांचं म्हणणं. ते आत्ता कुठे ठिकाणावर आलंय, असं तिचं.

आणि नेमकी आजच दाढ ठणकायला लागली. खरोखरच किडली होती, त्यामुळे सुटका नव्हती. बाबांनी इंजेक्शन दिलं, दादाने लाळ ओढायची नळी ओठात अडकवली. दाढ कोरून झाली तसा बाबांनी घसा खाकरला.

"तर छकुले, बायोलॉजी. पुलाबिलाखाली लोंबकळायचं खूळ आता पुरे. ठरलं ना?"

छकुलीने नळी उपटून काढली आणि ताडकन उठून बसली.

"अगं, दाढ उघडी आहे!"

"असू दे." अर्धा ओठ बधिर, जीभ जड, हनुवटीवर लाळ. शब्द अडखळत, लडबडत बाहेर पडत होते. "मी सिव्हिल घेणार."

"काय? नीट बोल."

"बधिर तुम्हीच केलंत, आता ऐकायचे कष्टही तुम्हीच घ्या. सि-व्हि-ल. मी पूल तपासणार. आजवर तोंडात बोटं घालून माझं मत घेतलंत, बाबा. त्याला मत म्हणत नाहीत." तिला रडू येत होतं आणि त्याचाही तिला संताप येत होता.

"आणि हा उभा केलेला दवाखाना?" बाबांचा आवाज चढला. बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनी माना दाराकडे वळवल्या. "अगं, दादाकडे बघ. कसा मजेत आहे! सांग रे हिला."

छकुली दादाकडे वळली. सुट्टीभर भेटेल त्याला विचारलेला प्रश्न तिने त्यालाही विचारला. "दादा, पुन्हा पहिल्यापासून निवडायचं झालं, तर हेच निवडशील?"

दादाने तोंड उघडलं. त्याच्या तोंडात आरसा नव्हता, नळी नव्हती, कुणाचं बोट नव्हतं. तरी त्याला बोलता येईना.

बाबा उत्तराची वाट बघत राहिले. इतका वेळ त्यांनी कधी कुणाच्या उत्तराची वाट बघितली नव्हती. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

शेवटी दादाने नळीचं मशीन बंद केलं. "बाबा," तो खाली बघत म्हणाला, "तिला सिव्हिल घेऊ द्या."

"घेऊ द्या नाही, दादा," छकुली हनुवटी पुसत म्हणाली. "मी घेतेय."

मग ती खुर्चीत मागे रेलली.

"माझं बोलून झालं. आता भरा दाढ," ती म्हणाली आणि तिने आपणहून तोंड उघडलं.