मुठीच्या तांदळाची बादली

मी एक रंगाची बादली बोलतेय. रंग केव्हाच संपला, पण अंगावरचं पिवळ्या भिंतीचं चित्र अजून पुरतं पुसलं गेलेलं नाही. दहा लिटरची, तारेच्या कडीची आणि घट्ट झाकणाची. तारापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत मी साच्यातून बाहेर पडले, तेव्हा माझ्यासारख्या शेकडो जणी एकीत एक घालून रचल्या होत्या. तेव्हापासून एका जागी बसणं माझ्या नशिबात नाही. खरं सांगायचं तर स्वभावातही नाही.

बेटेगावला एक चाळ उभी राहत होती. माझ्या पोटातला रंग तिच्या भिंतींवर गेला आणि रंगाऱ्याने मला वाळूच्या ढिगावर भिरकावलं. तिथे घमेली वाहणाऱ्या नवसीने मला उचललं. वाळूने, राखेने तीन दिवस असं घासलं की माझी सालटी निघायची वेळ आली. मग आत नाक घालून तिने वास घेतला, आणि तिचं समाधान झालं.

नवसी आणि तिचा नवरा बुधा डोंगराकडचे. पावसाळ्यात पाड्यावरच्या उतारावर भात आणि नागली पिकवायची, दिवाळी झाली की बोईसरच्या बाजूला बांधकामावर यायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं. मी कधी जीपच्या टपावर, कधी एसटीत नवसीच्या मांडीवर. जरा कुठे बूड टेकलं की निघायची वेळ.

नवसी येशूला मानते. बुधा मानत नाही, पण तिला अडवतही नाही. तिच्या मंडळीत एक चाल आहे. भात टाकण्याआधी सुपातल्या तांदळातून एक मूठ उचलायची, डोळे मिटायचे, 'ही परभूची' म्हणायचं आणि ती वेगळी ठेवायची. ही मूठ नवसी माझ्यात सोडायची. रविवारी गोदूबाईच्या पत्र्याच्या खोलीत सभा भरे. गोदूबाई वसाहतीत झाडू मारते, पण रविवारी सगळे तिचं ऐकतात. गाणी झाली की सगळ्यांच्या मुठी एका चादरीवर ओतायच्या. ज्याची चूल थंड असेल, त्याच्या दारी गोदूबाई तो तांदूळ स्वतः नेऊन देई. कुणाकडे, ते कधी सांगत नसे.

बोईसरला असताना सात वर्षांत नवसीची एक मूठ चुकली नाही. साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सभेला सांगायला, ती उभी राहायची तेव्हा पदर नीट करायची आणि म्हणायची, "आमच्याकडे कमी हाय, पन परभूला द्यायला कमी नाय." बायका माना डोलवायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? तिलाही आवडायचं. गरिबाला मिरवायला दुसरं असतं तरी काय?

यंदा होळीनंतर बुधा परांचीवरून पडला. पाय मोडला, प्लास्टर चढलं. मुकादमाने दोन दिवस चौकशी केली, मग फोन उचलणं बंद केलं. बुधाला उठवायला-बसवायला नवसी घरी राहिली, तिचाही रोज बुडाला. रेशन गावच्या कार्डावर, आणि गाव तीन तासांवर. डब्यातला तांदूळ खाली खाली जाताना मी कोपऱ्यातून बघत होते. आयुष्यभर भटकले, पण इतकी तळमळ कधी झाली नव्हती.

गुरुवारी सुपात दोनच मुठी पडल्या. नवसीने डबा उलटा करून थोपटला, आणखी काही पडलं नाही. मला वाटलं, आज तरी ही विसरेल. ती विसरली नाही. एक मूठ उचलली, डोळे मिटले आणि माझ्यात सोडली. उरलेल्या एका मुठीची तिने पेज केली.

बुधा खाटेवरून सगळं बघत होता. "त्या बादलीत तांदूळ हाय ना?" तो म्हणाला. "त्यातला शिजव."

"तो परभूचा हाय."

"परभू उपाशी हाय का आज?"

नवसीने पेजेचं भांडं त्याच्यापुढे ठेवलं. "ती पन टाक बादलीत," म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं. पेज तशीच राहिली. मला तारेची कडी होती, झाकण होतं, पण हात नव्हते. सांडता आलं असतं तर मी त्या क्षणी सांडले असते. माझ्या पोटात तांदूळ आणि माझ्यासमोर दोन उपाशी माणसं. ही शिक्षा कुठल्या बादलीला होऊ नये.

शुक्रवारी शेजारणीने चहा दिला. शनिवारी तोही नाही, कारण नवसीने दार लोटून घेतलं होतं. कुणी विचारलं तर काय सांगायचं, याचीच तिला धास्ती. भुकेपेक्षा ती धास्ती मोठी होती.

रविवारी ती मला घेऊन पायी निघाली. वाटेत दोनदा खाली बसली. सभेत तिने मला चादरीवर रिकामं केलं, पदर नीट केला आणि साक्ष दिली, "समदं बरं हाय. परभूचे आभार." गोदूबाईने मान डोलावली नाही, नुसती बघत राहिली. घरी जाताना नवसी मला तिथेच विसरली. असं आजवर कधी झालं नव्हतं.

दुपारी गोदूबाईने मला काठोकाठ भरलं आणि उचललं. कुठे चाललोय ते मला रस्त्यावरूनच कळलं, आणि माझी कडी तिच्या हातात करकरू लागली.

दार उघडलं. नवसीने आधी मला पाहिलं, मग तांदूळ. चेहरा पांढरा पडला. "कोनी सांगितलं तुला?"

"मी," खाटेवरून बुधा म्हणाला. "तू सभेला निघालीस तवा शेजारच्या हेतलला हाक मारून तिचा फोन मागून घेतला."

"माझी लाज घालवलीस." ती गोदूबाईकडे वळली. "बाय, ने तो परत. दुसऱ्या कुनाला दे. मी देनारी हाय, घेनारी नाय."

गोदूबाई उंबऱ्यातच बसली. गुडघे दुखतात तिचे. "सात वरसं तू दिलंस," ती म्हणाली. "कोनी खाल्लं, ठावं हाय? कोरोनात सारं बंद होतं त्या वरसी मीच खाल्लं. दोन महिने. तुझ्याच मुठीचा भात. लाज मना पन वाटली, नवसे. रडत रडत जेवले. पन जेवले."

नवसी माझ्याजवळ खाली बसली. रविवारी सगळ्यांना ओरडून गाणी शिकवणारी गोदूबाई, आणि ती आपल्या मुठीवर जगली होती. इतकी वर्षं मलाही ते ठाऊक नव्हतं, आणि मी स्वतःला सर्वज्ञ समजत होते.

गोदूबाई गेली. नवसीने चूल पेटवली. भात झाला, दोन ताटं वाढली गेली. जेवणाआधी प्रार्थना तीच करायची. बुधा तोवर ताटावर हात धरून कंटाळलेला बसायचा. आज तिच्या तोंडून शब्द निघेना. देणाऱ्याची प्रार्थना तिला पाठ होती, घेणाऱ्याची येत नव्हती.

"बोल ना," बुधा म्हणाला. "भात गार होतोय."

"तूच बोल आज."

बुधाने छताकडे पाहिलं. त्याला कुठलेच शब्द माहीत नव्हते. मग म्हणाला, "परभू, हिला आज जेवू दे."

नवसीने पहिला घास घेतला, तेव्हा ती रडत होती. दुसरा घासही तसाच. तिसऱ्यापासून मात्र ती नुसती जेवू लागली, भूक लागलेलं माणूस जेवतं तशी.

बुधाचा पाय अजून बरा नाही. पावसाच्या आत पाड्यावर जायचं म्हणतात, म्हणजे माझा प्रवास पुन्हा आलाच. बूड झिजलंय, झाकणाला चीर गेलीय, फार वर्षं काही मी आता टिकत नाही. फुटले तर मला भंगारात द्या, वाईट वाटणार नाही. पण तुमच्या दारात कुणी भरलेलं भांडं घेऊन उभं राहिलं, तर आपली ऐट सांभाळायला त्याला परत पाठवू नका. काल रविवार होता. नवसी मला रिकामीच घेऊन सभेला गेली, झाकण काढून सगळ्यांच्या बादल्यांच्या रांगेत ठेवून उभी राहिली. पदराला तिने हात लावला नाही. म्हणाली, "या हप्त्यात आमी तुमचा तांदूळ खाल्ला."