चाळीस नंबरचा बिल्ला

“आजही संपले? मामा, हे बिल्ले तुम्ही न्याहारीला खाता की काय?”

“बाई, हळू. आत मॅडम तपासतायत.”

“माझा आवाजच बसलाय. आता याहून हळू कसं बोलू?”

मित्रांनो, ही कुरकुर दवाखान्याच्या दारात रोज सव्वानऊला व्हायची, आणि अगदी माझ्या शेजारी व्हायची. मी एक जुना पितळी बिल्ला आहे. माझ्यावर चाळीस हा आकडा ठोकलेला आहे. सकाळी साडेसातपासून शिपाईमामा खिळ्यांच्या फळीवरून आम्हाला एकेक करून काढायचे आणि येईल त्याच्या हातावर ठेवायचे. हातात बिल्ला असला तर डॉक्टर आज तपासणार, नसला तर उद्या या. मी सगळ्यांत शेवटचा. मला घेणारा माणूस बाकाच्या दाराकडच्या टोकावर कसाबसा टेकायचा, कारण बाकीचा बाक भरलेला असायचा. म्हणून दारातलं बोलणं मला ऐकू यायचं. माझ्या एकोणचाळीस भावंडांना त्याचा पत्ताही नव्हता.

माझा जन्म एका अरुंद बोळातल्या दुकानात झाला. तिथे दिवसभर ठोकाठोक चालायची. दवाखान्याने बिल्ले करायला सांगितले, पण किती करायचे ते कुणी सांगितलंच नाही. कारागिराने पितळेचा एक पत्रा पुढे ओढला आणि चकत्या कापत सुटला. एकोणचाळीस झाल्यावर कडेला जेमतेम एक चकती निघण्याइतकी जागा उरली. ती चकती म्हणजे मी. म्हणूनच माझी एक बाजू थोडी चपटी आहे. “संपला पत्रा. पुरे झाले चाळीस,” असं म्हणून त्याने हात झटकले. त्या दिवसापासून आमच्या भागात रोज चाळीस माणसं आजारी पडणार हे ठरून गेलं. हसू नका. पंधरा वर्षं तसंच चाललं.

सुरुवातीची वर्षं मोठी झोकात गेली. मी किती तळहात पाहिले म्हणून सांगू! तापाचा तळहात कोरडा आणि कढत असतो. भित्र्या माणसाचा ओला असतो. एक आई तर मला आपल्या बाळाच्या कपाळावर टेकवून ठेवायची, गार लागतो म्हणून. औषध नव्हतो मी, पण त्या दिवशी मला डॉक्टर झाल्यासारखं वाटलं होतं.

एक काका होते. त्यांना सगळे रक्तदाबकाका म्हणत. ते वरच्या वस्तीत राहायचे. तिथे रुंद रस्ते आहेत, घरांना मोठाल्या खिडक्या आहेत, शिवाय एक बाग आहे. काका रोज पहाटे बागेत फेऱ्या मारायचे आणि “निघालोच आहे तर दाबही बघून जाऊ” म्हणत आठवड्यातून तीनदा बिल्ला घ्यायचे. दाब नेहमी चांगला निघायचा. त्याचं त्यांना थोडं वाईटच वाटायचं.

दवाखान्याची वही महिन्याच्या शेवटी मुख्य कचेरीत जायची. वहीत रोज चाळीस. थंडीत चाळीस, उन्हाळ्यात चाळीस, सगळीकडे सर्दीतापाची साथ असली तरी आमच्याकडे चाळीस. कचेरीतले साहेब खूश झाले. “या भागाची तब्येत किती स्थिर आहे!” म्हणत त्यांनी दवाखान्याला प्रशस्तिपत्र पाठवलं. ते चौकटीत घालून माझ्या फळीच्या वर टांगलं. मी तर फुशारूनच गेलो होतो.

दारात कुरकुरणाऱ्या त्या बाईला मामा घाईबाई म्हणत. ती खालच्या वस्तीतली. तिथे चिंध्यांची वखार आहे. जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात, बायका ते फोडतात, सुती वेगळं, लोकरी वेगळं, बटणं वेगळी. पहिली पाळी पहाटे पाचला सुरू होऊन नऊला सुटते, दुसरी दहाला बसते. मधल्या तासात घाईबाई धावत दवाखान्यात यायची. तोवर मी गेलेलो असायचो. एकला दवाखाना बंद. तिच्या मागे आणखी बायका दिसायच्या, पण मी त्या कधी मोजल्या नाहीत. मी ज्याच्या मुठीत नाही तो माझा रुग्ण नाही, इतकं सोपं गणित होतं माझं.

रक्तदाबकाका बाकावर बसून म्हणायचे, “खालची माणसं काटक हो. त्यांना काही होत नाही. दवाखान्यात कधी दिसतात का बघा!” आणि बाकावरचे सगळे मान डोलवायचे. खरं सांगू? मला मान असती तर मीही डोलवली असती.

मग एक दिवस एक ताई आली. खांद्याला पिशवी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. गावोगाव जाऊन आजार मोजणं हे तिचं काम होतं. एक्स-रेची गाडी महिनाभरासाठी या भागात येणार होती. लांबलेल्या खोकल्यावाल्यांचे छातीचे फोटो काढायचे होते. गाडी एकच, आणि ती एकाच जागी उभी राहणार. कुठे, ते दवाखान्याच्या वहीवरून ठरायचं होतं. वही सांगत होती, वरच्या बागेपाशी, कारण खोकल्याच्या दर तीन रुग्णांमागे दोघं वरचे होते.

ताईने वही उलटीपालटी करून पाहिली. “मामा, रोज चाळीसच कसे हो? आजार काय मोजून येतो?”

मामा फळी पुसत होते. ते पुसतच राहिले.

ताईची नजर फळीवर गेली. तिने खिळे मोजले. मग मला उचललं. “हा मी चार दिवस नेते.”

“अहो, मग चाळिसाव्या माणसाला काय देऊ?”

“कागदाची चिठ्ठी द्या. माणूस तोच राहील.”

मित्रांनो, पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी दवाखान्याबाहेर पडलो.

ताईची रीत गमतीची होती. ओळखीचं घर किंवा समोर दिसलेलं घर ती घेत नसे. प्रत्येक पाचवं घर घ्यायची. कुत्रं भुंको, जिना उंच असो, पाचवं म्हणजे पाचवं. “आपल्या मर्जीने निवडलं की आपल्याला हवं तेच दिसतं,” ती स्वतःशीच पुटपुटायची. वर साठ घरं, खाली साठ घरं. दोनच प्रश्न. घरात कुणाला तीन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का? आणि मग मला पुढे धरून, असा बिल्ला त्या माणसाच्या हातात कधी आला होता का?

वरच्या वस्तीत मला सगळे ओळखत होते. “अरे, हा आपला चाळीस नंबर!” रक्तदाबकाकांनी तर मला पाहून चष्मा पुसला आणि त्यांच्या दाबाचे मागच्या वर्षाचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले.

खालच्या वस्तीत मला फारसं कुणी ओळखेना. एका आजींनी मला उलटं करून पाहिलं. “काय गं हे, पेटीच्या किल्लीला बांधायचं का?” एका पोरीने मला जमिनीवर भिंगरीसारखं फिरवलं. चपट्या बाजूमुळे मी लगेच आडवा झालो आणि सगळे हसले. मी मात्र बुचकळ्यात पडलो होतो. घरोघर खोकल्याचे आवाज येत होते. मग ही माणसं मला ओळखत का नाहीत?

घाईबाईचं घर पाचवं निघालं. एकच खोली. वखारीत न मावणारे चिंध्यांचे गठ्ठे घरी निवडायला आणलेले, ते खिडकीच्या वरपर्यंत रचलेले. केर दोनदा काढलेला होता, तरी उन्हाच्या तिरिपेत धाग्यांचा भुगा तरंगताना दिसत होता.

“हा बिल्ला ओळखता का?” ताईने विचारलं.

“न ओळखायला काय झालं! फळीवर शेवटचा खिळा रिकामा असतो ना, तो याचाच.”

“हातात कधी आला होता?”

“आत्ता तुम्ही दिलात तेवढाच.”

तिचा तळहात खरखरीत होता. तिला खोकल्याची उबळ आली आणि मी तिच्या मुठीत खुळखुळलो. उबळ ओसरल्यावर ती म्हणाली, “माझी धाकटी जाऊ अशीच खोकायची, ताई. तिची पाळी कधी दवाखान्याच्या वेळेला जुळलीच नाही. जुळली तेव्हा फार उशीर झाला होता. तिची दोन लेकरं आता माझ्याजवळ असतात. मला रडगाणं गायचं नाही. एकदा या छातीत काय आहे तेवढं कुणीतरी बघावं.”

“एक्स-रेची गाडी येतेय.”

“कुठे?”

“वरच्या बागेपाशी, असं चाललंय.”

“आणि बिल्ले किती?”

“चाळीस. साडेसातपासून.”

घाईबाई हसली. “मग येऊ द्या. लांबून बघेन.”

चौथ्या दिवशी ताई दवाखान्याच्या बाकावर हिशेबाला बसली. शिपाईमामा वाकून बघत होते. “काय निघालं?”

“वरच्या साठ घरांपैकी नऊ घरांत लांबलेला खोकला आहे. नवांपैकी आठ घरांत बिल्ला हातात आलाय. खालच्या साठांपैकी तीस घरांत खोकला आहे.”

“तीस!”

“आणि त्या तिसांपैकी बिल्ला हातात आलेली किती? चार.”

मामांनी बोटांवर मोजून पाहिलं. “म्हणजे दवाखान्यात दिसतात वरचे आठ न् खालचे चार.”

“आणि घरात आहेत वरचे नऊ न् खालचे तीस. मामा, शाळेत अपूर्णांक शिकलात ना? रेघेच्या वर एक आकडा, खाली एक आकडा. किती जण आजारी, हा वरचा. कितीजणांपैकी, हा खालचा. तुमच्या वहीत नुसतेच वरचे आकडे आहेत. रेघेखाली कुणी काही लिहिलंच नाही.”

“मग खोकला त्या चिंध्यांनीच होतो, असं धरायचं?”

“तिसांपैकी बावीस घरांत वखारीचं काम आहे. संशय येतो. पण बंद खिडक्याही आहेत, एका खोलीत सात सात माणसं आहेत, झोप नाही. दोन गोष्टी जोडीने दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं लगेच म्हणता येत नाही. त्यासाठीच तर फोटो हवेत. खाली हवेत.”

मी खिळ्यावर लटकून विचार करत राहिलो. मी सगळ्यांना ओळखतो असा माझा केवढा तोरा होता! मी ओळखत होतो ती फक्त सकाळी साडेसातला मोकळी असलेली माणसं. खालच्या वस्तीचं शरीर काही वेगळ्या मातीचं नव्हतं. तिची वेळ वेगळी होती, खोली वेगळी होती, हवा वेगळी होती. तेवढ्याने खोकला जास्त झाला, आणि वहीत तो कमी दिसला.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यासमोर पुष्कळ आकडे येतील. आकडा दिसला की त्याला लगेच नमस्कार करू नका. विचारा, हे कितीजणांपैकी? मोजताना दार किती वाजता उघडं होतं? आणि दारातून कोण परत गेलं? वर्गात रोज गैरहजर असणाऱ्या मुलाचीही अशीच चौकशी करा. न दिसणाऱ्या माणसाची काळजी घ्यायची, तर आधी तो आहे हे मानावं लागतं.

गाडीची जागा ठरवायला साहेब स्वतः आले. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बैठक झाली. ताईने पुरावा म्हणून मला टेबलावर ठेवलं होतं. साहेबांनी तिचा कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“ताई, तुमची मोजणी चार दिवसांची. ही वही पंधरा वर्षांची. शिवाय बागेपाशी जागा ऐसपैस आहे. रक्तदाब... म्हणजे ते काकाही कालच येऊन सांगून गेले.” त्यांनी कागद डॉक्टरीणबाईंपुढे सरकवला. जागेचा रकाना मोकळा होता. “अर्थात शब्द मॅडमचा. त्या लिहितील तिथे गाडी लागेल. बाग लिहू या ना?”

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. शिपाईमामा पाण्याचे पेले ठेवत होते; भरलेलेच पेले त्यांनी पुन्हा भरले आणि पाणी टेबलावर सांडलं. डॉक्टरीणबाई कठोर नव्हत्या. मी कितीदा त्यांच्या टेबलावर पडून त्यांना आजारी मुलांशी बोलताना ऐकलं होतं. दुपारी एकपर्यंत त्या पार थकून जायच्या.

त्यांनी लिहिलं. साहेबांनी वाकून वाचलं.

“वखारीचं फाटक? सव्वानऊपासून? अहो मॅडम, पण तिकडचे रुग्ण येतच नाहीत ना तुमच्याकडे!”

“साहेब, चूक माझी आहे,” मामा घाईघाईने म्हणाले. “संपले की मीच सांगतो त्यांना, उद्या या म्हणून...”

“मामा, थांबा.” डॉक्टरीणबाईंनी पेन बंद केलं. “त्या येतात, साहेब. रोज येतात, वीस-पंचवीस बायका. माझ्या खुर्चीतून दार सरळ दिसतं. मी त्यांना बघते, आणि मान खाली घालून समोरच्याची नाडी धरते. त्यांना मी कधी वहीत घेतलं नाही. घेतलं असतं, तर तपासावं लागलं असतं.”