एका दिवसानं काय होतंय?

सकाळी सून स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून भाजी चिरत होती. दहा मिनिटांनी मोबाइलवर लावलेला गजर वाजला. तिनं सुरी खाली ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली.

"झाला भोंगा!" सासूबाई म्हणाल्या. "गिरणीला सुट्टी झाली बघा."

दोन वर्षांपूर्वी सुनेला ताप आला होता. ताप गेला, पण अंगदुखी आणि थकवा मुक्कामालाच राहिले. केस विंचरले तरी हात भरून यायचे. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, तेव्हा घरानं निकाल दिला की ही कामचुकार आहे. डॉक्टरीणबाईंनी मात्र तिला एक शिस्त लावली: दुखेपर्यंत काम करायचं नाही, गजर लावून दुखायच्या आधीच थांबायचं. ही शिस्त सहा महिने पाळून ती अंथरुणातून उठली होती. येत्या गुरुवारपासून ती रोज दोन तास कामावर जाणार होती. लग्नाआधीपासून ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दुकानदार काकांनी तिची जागा अजून कुणाला दिली नव्हती.

पण त्याआधी रविवारी नणंदेला बघायला पाहुणे येणार होते.

"रविवारी भोंगा नको आणि लोळणं नको," सासूबाईंनी बजावलं. "घरात दुखणं आहे असं दिसलं तर माझ्या पोरीला कोण पत्करेल?"

"आई, मी चहा देईन. पण मधूनमधून बसू द्या मला."

"पाहुण्यांसमोर सून बसते होय?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही तरी सांगा. गुरुवारी मला दुकानात जायचंय."

"एक दिवस काढ गं," तो म्हणाला. "एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

रविवारी सासूबाईंनी तिचा मोबाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं. सून चार तास उभी होती. दुखण्याच्या गोळ्या तिनं दुप्पट घेतल्या होत्या. मुलाच्या आईला गच्ची बघायची होती, तर सासूबाई चटकन म्हणाल्या, "सूनबाई नेईल की! तीन जिने एका दमात चढते."

ती चढली. वर पोचल्यावर कठडा धरून हसली.

"अशी सून मिळायला नशीब लागतं हो," मुलाची आई म्हणाली.

कठड्यावर वहिनीची बोटं पांढरी पडलेली नणंदेनं पाहिली. पण मुलगा तिला आवडला होता. ती गप्प बसली.

लग्न ठरलं.

सोमवारी सुनेला मान उचलता येईना. खिडकीतला उजेड डोळ्यांना सोसेना.

"काल हरणासारखी पळत होतीस," सासूबाई दारातून म्हणाल्या. "पकडली की नाही चोरी? आजपासून ताट खोलीत येणार नाही. भूक लागली की आपोआप उठशील."

नवऱ्यानं दुकानात फोन केला. "काका, तिची वाट बघू नका. घरभर नाचते आणि कामाचं नाव काढलं की पडते."

मंगळवारी नणंद लपवून पोळी घेऊन निघाली. आईनं ती हातातून काढून घेतली. तांब्याभर पाण्यावर सुनेचे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी ती आली. भिंतीला धरून दोन पावलं, मग गुडघ्यांवर, मग कोपरांवर. खोलीपासून स्वयंपाकघर अकरा पावलं होतं.

"बघा!" सासूबाईंनी टाळी वाजवली. "आली की नाही? सांगत नव्हते मी? सगळी नाटकं!"

सुनेनं ताटाकडे पाहिलंच नाही. फरशीला गाल टेकून तिनं विचारलं, "आज गुरुवार ना? माझी साडी काढून ठेवा. दुकानात जायचंय."

नणंदेनं फोन उचलला आणि सगळ्यांदेखत मुलाच्या घरी लावला.

"काकू, तुम्हाला गच्चीवर जिनं नेलं ना, ती माझी वहिनी आजारी आहे. दोन वर्षं. आम्ही लपवलं. आता ती जमिनीवर पडलीय, आणि तिला उपाशी आम्ही ठेवलंय."

पलीकडून "विचार करून कळवतो" एवढंच आलं. त्यांनी पुढे कधीच कळवलं नाही.

"कार्टे, हातानं घर जाळलंस!" आई किंचाळली.

"दादा, उचल तिला," नणंद म्हणाली.

दादानं आधी आईकडे पाहिलं. तेवढ्यात बहिणीनं एकटीनंच वहिनीच्या बगलेत हात घातले, तिला ओढत खाली आणलं आणि रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तपासलं. सहा महिन्यांची कमाई एका दिवसात गेली, म्हणाल्या. आता पुन्हा पहिल्यापासून; आणि या वेळी पहिल्याइतकं सुधारेलच, असं सांगता येत नाही.

त्या घरातली माणसं राक्षस नव्हती. तुमच्याआमच्यासारखीच होती. आपल्या घरातही कुणीतरी "दुखतंय" म्हणत असेल. ते ऐकल्यावर आपण आधी कुणाकडे पाहतो?