थांबवरचं टिंब

"काका, 'शातता राखा' म्हणजे नेमकं काय राखायचं हो?"

छापखान्याच्या मालकांनी पिवळी पाटी छातीशी धरली होती, शाळेतल्या मुलानं आपलं चित्र दाखवावं तशी. ग्रंथालयाचं काम होतं. सगळा गठ्ठा छापून, कापून, बांधून तयार होता आणि एकूण एक पाटीवर ठसठशीत अक्षरांत 'शातता' होती.

प्रूफं तपासणाऱ्या काकांनी पाटी हातात घेतली. सरळ पाहिलं की मधोमध करडा डाग येतो, म्हणून मान किंचित वळवून त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्यांना तिथं 'शांतता' दिसली. स्वच्छ, टिंबासकट.

"टिंब..." ते म्हणाले आणि थांबले.

"टिंबच नाही ना!" मालक म्हणाले. "बारीक टायपात मुंगी पकडता तुम्ही, आणि एवढा हत्ती समोरून गेला."

"मोठी अक्षरं वाचली जात नाहीत," काका म्हणाले. "मथळ्यातच चुका सुटतात. जुना अनुभव आहे."

हे खरं होतं. पण खऱ्याच्या आडोशाला उभं राहून आपण खोटं बोलतोय, हे त्यांना कळत होतं. मालक चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. पाटी हळूच टेबलावर ठेवून म्हणाले, "असू दे. सोमवारी बोलू आपण, निवांत." आणि निघून गेले.

प्रूफं वाचायची ती खोली मुळात कागदाच्या रिमांसाठी होती. खिडकी होती, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडायची. हात बाहेर काढला तर भिंतीला लागेल इतक्या जवळ. याच खोलीत काकांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली होती. समोर संगणकावर अक्षरजुळणी करणारी बाई बसायची. मालक गेल्यावर तिनं टाइप करणं थांबवलं.

"काका, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांगा."

"बरेच दिवस झाले, टिंबं मीच लावतेय. तुमच्याकडून प्रूफ आलं की एकदा नजर फिरवते. वेलांट्या, उकार तुम्ही सोडत नाही. पण टिंब जातं. ही पाटी माझ्याही डोक्यातून निसटली, नाहीतर..."

काकांना चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं. "मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? या खोलीत तुम्हीच माझ्या चुका काढायच्या, अशी पद्धत आहे." ती हसायला गेली, पण ते हसू काही जमलं नाही. "डोळे दाखवा ना कुणाला तरी."

"चष्म्याचा नंबर बदललाय. सवय व्हायला वेळ लागतो," काका म्हणाले.

डोळे त्यांनी दाखवले होते. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं कागदावर एक वर्तुळ काढलं आणि मधला भाग पेन्सिलीनं काळा केला. कडेचं दिसत राहील, म्हणाला, मधलं जात जाईल. चालता-फिरता येईल. वाचनाचं मात्र सांगता येत नाही. तो कागद काकांनी बसच्या थांब्यावर कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि घरी बायकोला सांगितलं, "डोळे ठणठणीत आहेत. नवीन चष्मा दिलाय."

आता सोमवारी मालकांना काय सांगायचं, हा प्रश्न होता. काकांनी तो प्रश्न, लहान मुलानं करावं तसं, एका खेळावर सोपवला.

त्या खेळाचं नाव तळघर. मूळचा फार जुना, संगणकावर चित्रं नव्हती तेव्हाचा. काही हौशी मंडळींनी तो आपल्या भाषेत, आपल्या अक्षरांत आणला होता. त्याची नियमपुस्तिका छापायला या छापखान्यात आली आणि ती तपासताना काकांना शंका आली, की पुस्तिकेत एवढ्या चुका असतील तर आत खेळात काय असेल? म्हणून त्यांनी खेळ उघडला. चुका काढायला आत शिरले आणि तिथंच अडकले.

आत सगळी अक्षरंच होती. काळ्या पडद्यावर टिंबांची जमीन, आडव्या-उभ्या रेघांच्या भिंती. 'उ' म्हणजे उंदीर, 'स' म्हणजे साप. भूत म्हणजे 'भ', ते भिंतीतूनही यायचं. आणि 'ढ' म्हणजे ढालगज राक्षस, धिम्या चालीचा, पण एका फटक्यात अर्धा जीव काढणारा. आपण म्हणजे @. काका त्याला 'डूल घातलेला अ' म्हणायचे. पायऱ्या उतरत तळाशी जायचं, तिथला दिवा उचलायचा आणि तो घेऊन पुन्हा वर यायचं. बस्स, एवढंच. पण प्रत्येक वेळी तळघर नव्यानं रचलं जायचं, त्यामुळे काल पाठ केलेली वाट आज उपयोगी पडत नसे. आणि मेलं की मेलं. मागे जाणं नाही, पुन्हा तिथूनच सुरू करणं नाही.

ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका समासात दुरुस्त केल्या, त्याला दुरुस्तीची सोयच नसलेल्या या खेळानं का ओढलं, हे काकांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. एकदा बायकोनं विचारलंही होतं, "दर वेळी मरताच, तर खेळता कशाला?" ते म्हणाले होते, "मरतो ते माझ्याच चुकीनं. दुसऱ्या कुणाच्या नाही." तिला ते काही पटलं नव्हतं.

वर्षातून एकदा स्पर्धा असायची. सगळे एकाच दिवशी उतरायचे, प्रत्येकाला एकच जीव, मुदत रविवारच्या संध्याकाळपर्यंत. जो दिवा घेऊन बाहेर येईल तो जिंकला. मेलेल्यांनी जिवंतांचा खेळ नुसता बघायचा. त्यांनी काही लिहिलं तरी खेळ संपेपर्यंत ते खेळणाऱ्याला दिसत नसे. मेलेल्यांनी बोलायचं नाही, असा नियमच होता. काकांना तिथं सगळे 'प्रूफकाका' म्हणत. त्यांनी तळाचा दिवा पाहिला होता, दोनदा हातातही घेतला होता. जिवंत बाहेर मात्र ते कधीच आले नव्हते.

या वर्षी दिवा त्यांच्याकडे होता. शुक्रवारी 'पाताळयंत्री' नावाची एक खेळाडू, दर वर्षी जिंकणारी, एका सापळ्यात पडून गेली आणि आता तळघरात जिवंत असे ते एकटेच राहिले. काकांनी मनाशी ठरवलं: बाहेर आलो, तर माझे डोळे अजून कामाचे आहेत. मालकांना म्हणेन, चूक झाली, पुन्हा होणार नाही. नाही आलो, तर सोमवारी सगळं खरं सांगेन.

रविवारी दुपारी ते पडद्यासमोर बसले. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावरचं. बायकोचे गुडघे गेल्यापासून ती खाली उतरत नव्हती; तिचं जग खिडकीपाशी सुरू होऊन गॅसपाशी संपायचं. ती शेजारी खुर्ची घेऊन मटार सोलत बसली.

"आज कुठवर आलात?"

"वरचा मजला. ही शेवटची खोली. तो कोन दिसतो ना, डावीकडे तोंड केलेला? त्या पायऱ्या. त्या चढलो की बाहेर."

"मग चढा की. बसलात कशाला?"

"मध्ये ढ आहे."

"ढ?" ती हसली. "तुमच्यासारख्या हुशार माणसाला ढ अडवतो होय?"

"त्याचा फटका बसला तर एकात आडवा होईन. जीव अगदी थोडा उरलाय. आधी विश्रांती घ्यायला हवी."

विश्रांतीसाठी तळघरात एकच आसरा होता. पायाखालच्या धुळीत बोटानं एक शब्द लिहायचा: थांब. तो नीट लिहिलेला असेपर्यंत एकही अक्षर अंगावर येत नसे. ढसुद्धा तेवढा शब्द वाचायचा. पण जनावरं जवळ येऊन परत फिरायची तेव्हा धूळ पुसली जायची. शब्द अर्धवट झाला की तो शब्दच नव्हे. म्हणून खेळाडू दर थोड्या वेळानं एक कळ दाबून धुळीत काय उरलंय ते तपासत.

काकांनी शब्द लिहिला. ढ आला, दारात उभा राहिला, एक पाऊल पुढे झाला आणि मागे सरला. काकांनी थांबायची कळ दाबली. ती टिंबाचीच कळ होती. जीव थोडा भरला. ढ पुन्हा आला, पुन्हा फिरला. काका दाबत राहिले; मध्ये एकदा धूळ तपासायची कळही दाबली. त्यांना मनातून फार सुरक्षित वाटत होतं. चार बाजूंनी भिंती, दारात राक्षस, आणि पायाखाली आपण लिहिलेला एक बिनचूक शब्द. आपली खोलीही अशीच होती की, त्यांच्या मनात आलं.

"अहो," बायको म्हणाली, "आधी त्या शब्दावर टिंब होतं ना?"

"कुठल्या?"

"खाली लिहून आलंय ते. तुमच्या त्या थांबवर."

काकांनी मान वळवून, कोपऱ्यातून पडद्याच्या खालच्या ओळीकडे पाहिलं. 'धुळीत लिहिलंय: थांब.' थ, काना, वर टिंब, ब.

"आहे की."

"मला नाही दिसत."

"अगं, जन्म गेला माझा यात. आहे. समोर आहे." आवाज चढला तसा त्यांचा त्यांनाच तो परका वाटला. "मला दिसतंय ना!"

तिनं मटाराची शेंग हातात तशीच धरली आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते, पण त्यांचं तोंड खिडकीकडे होतं. गेले कित्येक महिने हा माणूस आपल्याशीही असाच तोंड वळवून बोलतोय, हे तिच्या त्या क्षणी लक्षात आलं. तिला वाटत होतं, काहीतरी बिनसलंय. त्यांना आपलाच कंटाळा आलाय.

काकांनी थांबायची कळ दाबली.

ढ आत आला. थांबला नाही.

पडदा रिकामा झाला आणि मधोमध थडग्याचा एक दगड उभा राहिला. त्यावर काय लिहिलंय ते काकांना वाचावं लागलं नाही. तो मजकूर त्यांनीच कधीतरी दुरुस्त करून दिला होता. ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी चालू होत नव्हती. तो माणूस पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होता.

"ढनं बरोबर वाचलं," शेवटी काका म्हणाले.

"अहो..."

"मी माझ्या मनातलं वाचलं. त्यानं समोरचं वाचलं." त्यांनी चष्मा काढला आणि घडी घालून टेबलावर ठेवला. "डॉक्टर म्हणाला होता, मधलं जाईल. मी तुला सांगितलं नाही."

"कधी म्हणाला?"

"बरेच दिवस झाले."

ती रागावेल असं त्यांना वाटलं. तिनं सोललेल्या मटाराचं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला मी नकोशी झालेय. असं तिरकं बघता म्हणून."

"तुझा चेहरा कडेनंच दिसतो आता," काका म्हणाले. "समोर बघितलं की जातो."

तिनं खुर्ची थोडी सरकवली. त्यांच्या नजरेसमोरून जरा कडेला, जिथून ती त्यांना दिसेल अशी.

पडद्यावर बाजूची पट्टी उघडली होती. खेळ संपल्यामुळे बघणाऱ्यांचं बोलणं आता दिसत होतं. बारीक अक्षरांच्या ओळींमागून ओळी. काकांना तिथं फक्त पावसाळी काचेसारखं काहीतरी दिसलं.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ आहे."

"वाच. वरून वाच."

ती पुढे झुकली. "'प्रूफकाका, टिंब गेलं.' मग दुसरा कुणीतरी, 'टिंब! टिंब बघा!' मग, 'अरे, तपासूनही उठत का नाहीत ते?' मग ती तुमची पाताळयंत्री, 'काका, उठा तिथून. पायऱ्या चार पावलांवर आहेत, पळा.' पुन्हा तीच, 'नुसते पळालात तरी पोचाल.'" ती थांबली. "सगळे ओरडत होते हो."

"मेलेल्यांचं ऐकू येत नाही," काका म्हणाले. "नियम आहे. पुढे?"

"पुढे काही नाही. नुसती टिंबं आहेत. एका ओळीत एक, नाव आणि टिंब."

काकांना ती रीत माहीत होती. दिवा हातात असताना कुणी गेलं, की बघणारा प्रत्येक जण काही न बोलता एक टिंब ठेवून जायचा. आजवर काकांनी अशी टिंबं बऱ्याच जणांसाठी ठेवली होती.

"तीच वाच."

"टिंबं काय वाचायची?"

"पूर्वी छापखान्यात दोघं असायचे. एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा, दुसरा प्रूफ बघायचा. वाचणारा काना, मात्रा, टिंब, सगळं तोंडानं म्हणायचा. काही गाळायचं नाही. तशी वाच."

ती एकदा त्यांच्याकडे आणि एकदा पडद्याकडे बघत राहिली. मग जराशा लाजऱ्या आवाजात, परीक्षा दिल्यासारखी, तिनं सुरुवात केली.

"पाताळयंत्री. टिंब."

काकांनी डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट टेबलावर टेकवून त्यांनी एक बारीकशी खूण केली, तपासलं म्हणून करायचे तशी.

"सुरुंग. टिंब."

पुन्हा खूण.

"उंदीरमामा. टिंब."

खाली गाडी सुरू झाली आणि निघून गेली. मटाराचं भांडं तसंच जमिनीवर राहिलं. ती वाचत होती आणि काका एकही न सोडता बोट टेकवत होते.