पालथ्या पातेल्यावरचा पांढरा टोप

मी एक जुना केसांचा टोप आहे, आणि गंमत म्हणजे मी जन्मलो तोच म्हातारा. माझा एकही केस कधी काळा नव्हता. टोप करणाऱ्या काकांनी जाळीत एकेक पांढरा केस बारीक सुईने गाठ मारून बसवला, बाजूला भांग पाडला आणि म्हणाले, "झाल्या आजीबाई तयार."

मित्रांनो, मला करून घेतलं ते हेडबाईंनी. शाळेतून त्या कधीच निवृत्त झाल्या, पण घरी अजून त्यांचीच शाळा भरते. त्यांच्या स्तनात गाठ निघाली. तुकडा तपासला, तेव्हा कर्करोग असल्याचं कळलं. पुढचे अहवाल यायच्या आधीच हेडबाईंनी ठरवून टाकलं, की या वयात म्हणजे आजार दांडगा, औषध कडक आणि केस जाणार. तयारी नसणं त्यांना मुळीच खपत नाही.

अहवाल घ्यायला त्या सुनेबरोबर गेल्या. पिशवीत मी होतोच. त्यांनी मला सरळ डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. "हा कधीपासून घालायचा, तेवढं सांगा."

"घालायचाच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हेडबाईंचा चेहरा पडला. मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की त्यांच्या गाठीतल्या पेशी संथ आहेत. संप्रेरकं, म्हणजे शरीरातली निरोप देणारी रसायनं, यांच्या जोरावर त्या वाढतात. शस्त्रक्रियेनंतर तो जोर तोडणारी रोजची गोळी पुरेल. उतारवयात बऱ्याचदा असं आढळतं. तरुण वयात हा आजार कमी जणींना होतो, पण झाला तर पेशी पुष्कळदा घाईच्या असतात आणि संप्रेरकांना जुमानतही नाहीत. "पण हा नुसता अंदाज," त्या म्हणाल्या. "वय म्हणजे दारावरची पाटी. आत कोण राहतं, ते तपासल्यावरच कळतं."

आजार सौम्य निघाल्याच्या आनंदापेक्षा तयारी वाया गेल्याचा रागच हेडबाईंना जास्त. घरी येऊन त्यांनी मला पालथ्या पातेल्यावर ठेवलं आणि भाजी निवडायला घेतली. सूनही मदतीला बसली. ती मुलांना पोहायला शिकवते. तिला साधी सर्दी झालेली कुणाला आठवत नाही. निवडता निवडता ती म्हणाली, "आई, माझ्याही छातीत हाताला एक गाठ लागते. बरेच दिवस झाले. वाटलं, माझ्या वयात काय असणार."

हेडबाईंच्या हातून निवडलेली भाजी न निवडलेल्या भाजीत पडली. असं आयुष्यात प्रथमच घडत होतं.

"चप्पल घाल," एवढंच त्या म्हणाल्या.

सुनेच्या पेशी खरोखरच घाईच्या निघाल्या. पण हेडबाईंची घाई त्यांच्याहून मोठी, म्हणून त्या वेळेत सापडल्या. कडक औषधं सुनेला लागली, केस तिचे गेले, आणि मी पातेल्यावरून उठून तिच्या डोक्यावर बसलो. हेडबाई मला काळा रंग लावायला निघाल्या होत्या. सूनच नको म्हणाली. काळे केस असले की लोक विचारतात, चेहरा का उतरलाय. पांढरे असले की कुणी काही विचारत नाही.

ते माझे थाटाचे दिवस. एकदा बसमध्ये तोंडावर मास्क लावलेल्या सुनेला एका माणसाने "बसा आजी" म्हणून जागा दिली. आजी बसल्या. त्यांच्या सासूबाई दांडा धरून उभ्या राहिल्या. उतरेपर्यंत दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही, आणि उतरल्यावर हसू आवरेना म्हणून थांब्यावरच बसून राहिल्या.

पुढे सुनेला स्वतःचे केस आले, तेही कुरळे. मी कपाटावरच्या डब्यात गेलो. एकेकाळी मला बसमध्ये जागा मिळत असे, हे मी झुरळांना सांगायचो. त्यांना पटत नसे.

काही वर्षांनी एका सकाळी सुनेने आरशासमोरून हाक मारली, "आई, लवकर या." हेडबाई हातातली गोळी तशीच घेऊन धावल्या. सुनेच्या कानाजवळ एक पांढरा केस चमकत होता. हेडबाईंची नात तो उपटायला पुढे झाली.

"हात लावशील तर बघ," सून म्हणाली. "माझा आहे तो."

रंग ताडून पाहायला त्यांनी मला खाली काढलं. मित्रांनो, माझ्याकडे पांढऱ्या केसांचं रान आहे, पण त्या एका केसाची ऐट मला कधी जमली नाही.

माझी विनंती एवढीच. मला अधूनमधून झटकत जा, वारा दाखवत जा. आणि घरातली कुणी कधी म्हणाली, की हाताला गाठ लागते, तर तिचं वय मोजत बसू नका. तिला चप्पल घालायला सांगा.