शिकवायला आलेले सर

बाहेरून मोठे सर्जन आठवडाभर फुकट शिकवायला आले, म्हणून सगळं हॉस्पिटल पायघड्या घालत होतं. शिकायचं होतं ते इथल्या एकट्या डॉक्टरबाईंना. सर गेल्यावर हर्नियाचा प्रत्येक रोगी त्यांच्याच गळ्यात पडणार होता. पण बाईंनी चाकू उचलला की सर म्हणत, "थांबा हो, आधी नीट बघा!" आणि ऑपरेशन स्वतःच उरकत. बघून बघून बाईंचे डोळे तयार झाले, हात मात्र कोरेच राहिले. वर संध्याकाळी सर ‘खचून जाऊ नका’ यावर भाषण ठोकत.

शेवटच्या दिवशी शेवटचा रोगी टेबलावर होता. सरांनी सवयीने चाकूसाठी हात पुढे केला. बाईंनी त्या हातात जखम उघडी धरायचा हूक ठेवला.

"हे काय?" सर गुरकावले.

"धरा, सर. चुकले तर बोला, पण हात घालू नका."

"आणि बिघडलं तर?"

"आज बिघडलं तर तुम्ही आहात. उद्या कोण आहे?"

सर तोंड फुगवून हूक धरून उभे राहिले. दोनदा खेकसले, आणि दोन्ही वेळा बरोबर खेकसले. आठवडाभरात त्यांनी शिकवलं ते एवढंच.